कूमलीची हिरवी पट्टी

एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात पाऊस म्हणून पडलाच नाही. कूमलीच्या बागेचे पाचही टप्पे जुलै उजाडायच्या आतच गवताच्या गंजीसारखे पिवळे पडले. नळीनं पाणी घालायला सरकारी बंदी होती. मुख्य माळी ह्यू लस्कम आणि त्याची बायको एव्हिस आंघोळीचं, भांड्यांचं पाणी बादल्यांनी वाहून नेऊन कॅमेलियाच्या फुलझाडांना घालत. सत्तर वर्षांपूर्वी टेकडीचा उतार कापून, दगडी कठडे बांधून ही बाग रचली होती, त्यातली तीस वर्षं ह्यूच्या हातची. कुठल्या हिरवळीखालून कुठला पाट गेलाय हे तो झोपेतही सांगू शकला असता.

म्हणूनच सगळ्यात खालच्या टप्प्यावर हिरवी पट्टी दिसली तेव्हा तो आधी खूशच झाला.

रानाच्या कडेपासून ती निघाली होती. दोन हात रुंद, दोरी धरून आखल्यासारखी सरळ. भोवतीचं गवत बुटाखाली कुरकुरत होतं आणि या पट्टीतलं मात्र एप्रिलसारखं ओलं, मऊ होतं.

"झरा असणार खाली," तो म्हणाला. "आपली झाडं वाचली, टोझर!"

रानाची देखभाल करणारा टोझर त्याला चेष्टेनं मुकादम म्हणे. "खणून बघू या, मुकादम. बिअर लागली तर अर्धी माझी."

दोघांनी कंबरभर खोल खणलं. माती पिठासारखी कोरडी होती. गवताची मुळं नेहमीएवढीच, बोटभर लांब. त्यांच्याखाली ना पाट, ना ओल. टोझरनं मूठभर माती हातावर घेतली, फुंकर मारली आणि ती उडून गेली. त्यानंतर त्यानं काही विनोद केला नाही.

खड्डा बुजवून ह्यूनं त्यावर दुसरीकडून मातीसकट काढलेले वाळक्या गवताचे तुकडे बसवले. दुसऱ्या दिवशी तेही हिरवे होते आणि पट्टी खड्ड्यापलीकडे एक पाऊल पुढे गेली होती.

मग तो रोज सकाळी टोकाशी खुंटी ठोकू लागला. रोज एक पाऊल, कमी नाही, जास्त नाही. पहिल्या कठड्याशी पट्टी थांबेल असं त्याला वाटलं होतं. पण पायऱ्यांच्या दगडांमधल्या फटींतून गवताची हिरवी पाती उगवली, एकेका पायरीवर, आणि वरच्या टप्प्यावर पट्टी पुन्हा सुरू झाली. यू झाडांच्या कातरलेल्या कुंपणाला तिनं बरोबर मधल्या वाटेनं ओलांडलं. तिसऱ्या टप्प्यावर ती आली तेव्हा ह्यूनं दोरी धरून रेघ पुढे ओढून पाहिली. दोरी वरच्या कोपऱ्यातल्या माळ्याच्या घरापाशी आली. त्याच्याच घरापाशी, दारात.

त्यानं पावलं मोजली. रोज एक पाऊल धरलं तर पट्टी दारात पोचायचा दिवस निघाला ऑगस्टचा शेवटचा रविवार.

रात्री जेवताना तो म्हणाला, "एव्हिस, तू बहिणीकडे जाऊन ये ना थोडे दिवस. टॅव्हिस्टॉकला जरा गारवा असेल."

"तीस वर्षांत मला कुठे फिरायला धाडलं नाहीस," ती हसली. "आज काय सुचलं?"

"उन्हाचा त्रास होतोय तुला."

"मला? पाठ तुझी दुखते आणि जायचं मी?" पण मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. म्हणाली, "त्या गवतामुळे ना? मलाही दिसतं रे ते खिडकीतून."

मंगळवारी त्यानं तिला मोटारीनं बहिणीकडे पोचवलं. घर रिकामं झालं, त्याला बरं वाटलं. येणारं जे काही होतं ते आपल्यासाठी असेल तर असो, असं तो स्वतःशी म्हणाला आणि त्या रात्री गाढ झोपला.

बुधवारी सकाळी पट्टी वळलेली होती.

तिसऱ्या टप्प्याच्या मधोमध, गुण्यात कापल्यासारखी काटकोनात. तोंड आता घराकडे नव्हतं, फाटकाकडे होतं. रस्त्याकडे. टॅव्हिस्टॉककडे.

आणि एका रात्रीत ती अकरा पावलं गेली होती.

ह्यू बराच वेळ खुंटी हातात धरून उभा राहिला. टोझर मागे येऊन थांबला.

"मुकादम, काही बोलू नका," तो हलकेच म्हणाला. "आधी वहिनींना घेऊन या."

"लांब आहे तेच बरं ना, टोझर?"

"लांब आहेत म्हणून तर घाई करतंय ते."

दुपारी एव्हिस परत आली. मोटारीत ती एकच वाक्य बोलली. "एवढं लांबून कुणी चालत येत असेल, तर निदान पत्ता तरी चुकवू नये आपण."

गुरुवारी फाटकाकडची रेघ वाळून गेली होती. घराकडची पट्टी पुढे सरकली होती. एक पाऊल.

ह्यूनं मग काय काय केलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. मीठ ओतलं, तण मारायचं औषध ओतलं, एका पहाटे गुडघे टेकून तिच्याशी नुसता बोललाही. पट्टी चौथा टप्पा चढली, पाचव्यावर आली. दारापासून चार पावलं उरली.

आणि पाऊस आला.

दोन दिवस, दोन रात्री धो धो कोसळला. गावात लोक रस्त्यावर नाचले. टोझर टोपी काढून रानाच्या कडेला भिजत उभा होता आणि हसत होता.

पाच दिवसांत कूमली हिरवीगार झाली. पाचही टप्पे, वरपासून खालपर्यंत.

ह्यू आपल्या शेवटच्या खुंटीपाशी उभा राहिला. खुंटीच्या अलीकडे हिरवं होतं. पलीकडेही हिरवंच होतं.

त्यानं वाकून गवतावरून हात फिरवला. सगळीकडे सारखंच लागत होतं.

तो घराकडे धावला.

स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. एव्हिस खुर्चीत बसून बटाटे सोलत होती. मधलं जड टेबल तिनं एकटीनं भिंतीला सरकवलं होतं.

"हे कशाला सरकवलंस?"

"वाटेत येत होतं," ती म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. उंबऱ्यापासून, फरशीच्या फटींतून, बोटाएवढी हिरवी पाती उभी होती. ती टेबलाच्या रिकाम्या जागेवरून सरळ एव्हिसपर्यंत आली होती.

तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. अनवाणी पाय त्या पात्यांवर ठेवून ती बटाटे सोलत राहिली.