आजोबांचं नाव कुणी खोडलं

"मॅडम, जरा इकडे या. आत्ता."

अनिरुद्ध कधी असा बोलायचा नाही. आठवडाभर कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसून रविवारी पुन्हा कॉम्प्युटरच शिकवायला येणारा शांत मुलगा. आज त्याचा चेहरा उतरला होता. मंदाकिनी साबडे यांनी चहाचा कप तळमजल्याच्या खिडकीत ठेवला आणि त्याच्या फोनमध्ये डोकावल्या.

विश्रांतवाडीच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाची कार्यशाळा भरायची. हा ज्ञानकोश कुणीही वाचावा आणि कुणीही लिहावा असा. नवख्यांना लिहायला शिकवायचं काम मंदाकिनीबाईंचं. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून 'आपण रांगेत आहात' असाच.

फोनवर खडकीच्या एका रात्रशाळेचा लेख उघडा होता. दारूगोळा कारखान्यातले कामगार बाबुराव ओव्हाळ यांनी क्वार्टर्समधल्या कामगारांसाठी ही शाळा सुरू केली, असं सकाळपर्यंत तिथं लिहिलेलं होतं. आता होतं, 'शाळा काही शिक्षकांनी स्थापन केली. ओव्हाळ तिथे केवळ पहारेकरी होते.'

बदल चहाच्या सुट्टीत झालेला, मंडळी खाली चहाला आली तेव्हा. बदल करणारी, अक्षता ओव्हाळ. बाबुरावांची सख्खी नात, आणि आज इथं पहिल्यांदाच शिकायला आलेली.

"काय शिकवलंस रे हिला तू?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. पण हसू दोघांनाही आलं नाही.

संध्याकाळी वाचनालयाची समिती बसणार होती. नव्या वाचनालयाला बाबुरावांचं नाव द्यायचं का, हे आज ठरणार होतं. समितीतले लोक हाच लेख वाचून येणार होते. मजकूर पूर्ववत करणं सोपं होतं, पण नातीच्या नावावर झालेला बदल नोंदीत दिसतच राहणार. नातीनंच आजोबांना पहारेकरी ठरवलं म्हटल्यावर बाबुरावांचा विषय तिथंच मिटला.

"आणखी एक बघा," अनिरुद्ध हळूच म्हणाला. "बदलावर 'छोटा बदल' अशी खूण केलीये. ती असली की बरेच जण बदल उघडूनही बघत नाहीत."

"ही खूण तू सकाळी शिकवलीस?"

"नाही. ती आणि लेखाचा इतिहास, दोन्ही चहानंतर घेणार होतो. सगळ्यांनी कार्यशाळेच्या अर्जात लिहिलंय, ज्ञानकोशात कधीच काही लिहिलेलं नाही म्हणून."

मंदाकिनीबाई सकाळ आठवायला लागल्या. सकाळ नेहमीसारखीच गेली होती. आधी सगळ्यांना धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, दोन ओळी लिहायला लावल्या. 'प्रकाशित करा' या बटणापाशी नवख्याचा हात हमखास अडतो. अक्षतानं दोनदा विचारलं, "मॅडम, दाबू का?" बद्रीनाथ शेळके तर घाम पुसत म्हणाले, "दाबलं आन् समदं उडालं तर?" मालनबाई रणपिसे यांच्यापाशी बाई पोचल्या तेव्हा त्यांचं पान प्रकाशित झालेलंसुद्धा होतं. "हुशार आहात," म्हणून बाई पुढं गेल्या होत्या.

"बाकीच्यांना खालीच चहा पाजत ठेव," त्या अनिरुद्धला म्हणाल्या. "ते तुझ्याबरोबरच होते. वर कोण कोण होतं, ते मी बघते."

वर दोघंच होती. बद्रीनाथ फोन चार्जिंगला लावून बसले होते. मालनबाईंचे गुडघे दुखतात, त्या जिना टाळतात. अक्षता आईला फोन करायला खाली गेली होती, एकटीच. ती वर आली, तिला लेख दाखवला, आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"मी नाही केलं. मॅडम, शपथ, मी नाही."

"उठताना लॅपटॉप बंद केलास?"

"नाही. तसाच उघडा होता, माझ्या नावाचं खातंही."

"कुणीच करत नाही. आपणच सांगायला हवं होतं." मग त्या वळल्या. "बद्रीनाथ, तुम्ही समितीत आहात ना?"

"हाय की."

"वाचनालयाला वडिलांचं नाव द्यावं, असा अर्ज तुमचाच आहे?"

"माझाच. जागा वडलांनी दिली, मागायला काय हरकत? म्हंजी मी केलं म्हणता?"

"मी फक्त विचारतेय. या लॅपटॉपपाशी गेला होतात?"

"त्याच्यामागं चार्जिंगचं भोक हाय. जाणारच." बद्रीनाथांचा आवाज चढला. "आन् हे बघा, आता मला दिसलं ते मी समितीला सांगणार. नातच म्हणतीय पहारेकरी, मग मी कोण नाही म्हणणारा?"

अक्षतानं लॅपटॉपवरची ती ओळ पुन्हा वाचली.

"मालनबाई, तुम्ही काही पाहिलंत?"

"नाही हो. मी आपली बिस्किट खात होते. मला यातलं काय कळतंय?"

मंदाकिनीबाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. बराच वेळ काहीतरी दाबल्यासारखं केलं. मग मान हलवली.

"वाईट झालं. जुना मजकूर पुसला गेला. आता तो काही परत येत नाही."

अनिरुद्ध नुकताच वर आला होता. त्यानं तोंड उघडलं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं ते मिटलं.

"आता वो?" बद्रीनाथ म्हणाले. तेही घाबरले होते.

अक्षता मात्र रडायलाच लागली. "आईनं वर्षभर लोकांना विचारून विचारून ते गोळा केलं होतं. मी घरी काय सांगू?" हुंदका आवरेना तिला.

मालनबाई खुर्ची सरकवून तिच्यापाशी गेल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "रडू नको गं बाळा. काही जात नाही. इतिहासात जुनी प्रत असते, तिथून परत आणता येतं."

मालनबाईंचा हात अक्षताच्या पाठीवर तसाच राहिला.

"येतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पण ते मी अजून शिकवलेलं नाही."

"ऐकलं असेल कुठंतरी."

"असेल. मग सकाळी तुमचा हात का नाही अडला? इतक्या वर्षांत 'दाबू का' न विचारणारा नवखा मला भेटलेला नाही. कॉम्प्युटरवाले इंजिनिअरसुद्धा विचारतात. आणि त्या लेखावर 'छोटा बदल' ही खूण आहे. ती नवख्याच्या लक्षातसुद्धा येत नाही. बद्रीनाथांचं म्हणाल, तर त्यांनी केलं असतं तर वडिलांचं नाव घातल्याशिवाय राहिले असते?"

"खरं हाय," बद्रीनाथ पुटपुटले.

"ज्यानं हे केलं त्याला कुणाचं नाव घालायचं नव्हतं. फक्त एक काढायचं होतं. तेही नातीच्या हातून, म्हणजे कुणी शंका घेणार नाही. 'काही शिक्षकांनी' असं लिहिलंत तुम्ही. कोणते शिक्षक, मालनबाई?"

मालनबाई खुर्चीत बसल्या. मघापर्यंत त्या मायाळू आजी दिसत होत्या, आता नुसत्याच थकलेल्या दिसायला लागल्या.

"आमचे हे. सगळे गुरुजीच म्हणायचे त्यांना. बाबुरावांनी शाळा काढली, मी कुठं नाही म्हणते? पण कारखाना सुटला की रोज शिकवायला यांनी जायचं. पोरं यांच्या हाताखाली शिकली. मी घरून दुसऱ्या नावानं लिहिते इथं, पुतण्यानं शिकवलं. गुरुजींचं नाव घातलं की कुणीतरी काढायचं. पुरावा द्या म्हणे. पुरावा मी आहे ना. मी जिवंत आहे ना अजून." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मग राग आला. म्हटलं, आमचं नाही, तर कुणाचंच नको."

"म्हणून या पोरीला पुढं केलंत," मंदाकिनीबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, शब्द मात्र मऊ नव्हते. "आता तुमच्या स्वतःच्या नावानं लेखाच्या चर्चापानावर लिहा, की हा बदल तुम्ही केलात. माझ्यासमोर."

मालनबाईंनी लिहिलं. बोटं भराभर चालत होती, आता लपवायचं काही उरलं नव्हतं. बद्रीनाथांनी वाकून ओळ न् ओळ वाचली.

"समितीला हे दाखवतो," ते म्हणाले. "माझा अर्ज माझ्या जागी. पण बाबुरावांवर खोटं नको."

अनिरुद्धनं जुना मजकूर परत आणला. अक्षतानं तो दोनदा वाचला. डोळे पुसले, आणि मालनबाईंकडे पाहिलं. तिला राग आला होता आणि तो तिनं लपवला नाही.

"आजोबा गेले तेव्हा तुम्ही घरी आला होतात. मीच तुम्हाला पाणी दिलं. तेव्हा आई सगळ्यांना विचारत होती, शाळेतलं कुणाला काय काय आठवतं म्हणून. तुमच्यासमोर वही घेऊन बसली होती ती. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, तुम्ही गुरुजींचं कशाला लिहाल."

"आम्ही पहिलं त्यांचंच लिहिलं असतं, आजी."