चाल मागे

हे मी रचलेलं नाही. रचलं असतं तर शेवट तरी जरा बरा केला असता.

आमच्या मामाला यात काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. बुद्धिबळ क्लबच्या संघात पहिला पट, म्हणजे संघातला अव्वल खेळाडू म्हणून जागा. बस्स. पण काचा घासून घासून पाठीला पोक आलेल्या चष्मेवाल्याला आयुष्यात एवढंच काही मोठं मिळण्यासारखं उरलं होतं. आणि निवड येत्या शनिवारी होती.

अडचण एकच. मामाचा खेळ अडला होता. काही केल्या रेटिंग जागचं हलेना. क्लबातला, त्याच्याच हाताखाली खेळ शिकलेला वकील आता त्याला हरवायचा आणि वर विचारायचा, "काय हो चष्मेवाले, समोरचा हत्ती दिसला नाही वाटतं?"

म्हणून मामाने संगणकावर बुद्धिबळाचा एक प्रोग्राम घालून घेतला. कुणाकडून, ते त्याला आजही सांगता येत नाही...

त्यात एक बटण होतं. 'चाल मागे'.

रविवारची दुपार. मामाच्या चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेर मामा संगणकापुढे, आत मामी पडदे शिवत बसलेली. शिलाई मशीनची घरघर चालू.

"क्लबात सोंगटीला हात लावला की चालावंच लागतं ना?" मामी आतून म्हणाली. "मग घरी ही मागे घ्यायची सवय कशाला?"

"अगं, मागे गेल्याशिवाय चुकलं कुठे ते कळणार कसं?"

मामाचा वजीर गेला. त्याने बटण दाबलं. वजीर परत आला.

आणि आतून...

"क्लबात सोंगटीला हात लावला की चालावंच लागतं ना?"

तेच शब्द. तोच सूर.

"आत्ताच विचारलंस की!"

"मी? कधी?"

"वय झालं तुझं."

"कुणाचं झालंय ते आरशात बघा."

मामा हसला. पुढे खेळला. चुकला. पुन्हा बटण.

थोड्या वेळाने तो पाणी प्यायला आत गेला. सकाळी मामीने पडद्याला घातलेली शिवण... नव्हती. उसवलेली नव्हे. कापडावर सुईचं एक भोकसुद्धा नव्हतं.

सकाळी कात्रीने मामीचं बोट कापलं होतं. मामानेच पट्टी बांधली होती.

पट्टी नव्हती. जखमही नव्हती.

"कापलं? मला?" मामी बोट उलटसुलट करून बघत म्हणाली. "काहीतरीच तुमचं."

दुसरा कुणी असता तर तिथेच त्याने संगणक बंद केला असता. मामाने हिशेब मांडला. शिवण गेली, पण जखमही गेली. मग तोटा कुठाय? शिवण काय, पुन्हा घालता येते. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपल्या चुका लख्ख दिसत होत्या.

तो परत जाऊन बसला.

मधूनच मामी विचारायची, "आज वार कोणता हो?"

मामा सांगायचा. मान वर न करता.

मग त्याला कळलं, चूक पार सुरुवातीची होती. पहिल्या काही चालींतच कुठेतरी. त्याने बटणावर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. मारलेली प्यादी उठली. उंट परतले. घोडे घरी गेले.

मशीनची घरघर केव्हा थांबली, ते त्याच्या लक्षातही आलं नाही...

"सापडलं!" तो ओरडला. "अगं, सापडलं!"

त्याने वळून पाहिलं. मामी दारात उभी होती. चेहरा तोच. केस तसेच पांढरे. पण भिंतीला चिकटून, अंग चोरून. अंगठ्यावर कात्रीने पडलेला, संसारभराचा घट्टा... साफ गेलेला.

"माफ करा," ती म्हणाली. "घरात कुणी बाईमाणूस आहे का? मला आमच्या घरी, बाबांकडे, सोडायला सांगाल?"

मामा संगणकावर झडप घालून बसला. 'चाल पुढे' हे बटण दाबत राहिला. दाबत राहिला.

ते दाबलंच जात नव्हतं. पटावर दोन्ही फौजा शिस्तीत उभ्या. अजून कुणी काही खेळलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, मामीच्या मेंदूत काही दोष नाही. माझी आई, म्हणजे मामाची बहीण, आता तिकडेच राहते. एका बाईच्या सोबतीशिवाय मामी त्या घरात थांबायला तयार नाही.

मामा दिवसभर खेळतो. एकही चाल मागे घेत नाही. ढळढळीत चुकला तरी दात-ओठ खात पुढे जातो. पुढे जाता जाता आत काहीतरी परत येईल, या आशेवर. प्रत्येक डाव हरला की आतल्या दाराशी जाऊन उभा राहतो.

"काही... आठवलं?"

"तुम्ही खालचे चष्मेवाले ना?" मामी आदराने विचारते. "तब्येत बरी नाही का तुमची? किती रडवेले दिसता."

मी जातो तेव्हा बाहेरच्या खोलीत बसत नाही. सरळ आईपाशी जातो. तरी मामीने एखादं वाक्य दोनदा म्हटलं की उठून बाहेर बघून येतो, मामाचं बोट कुठल्या बटणावर आहे ते.

शनिवारी मामा निवडीला गेलाच नाही. पहिला पट वकिलाला मिळाला, एक प्यादंही न हलवता. मामाचं रेटिंग होतं तिथेच आहे.

आणि मागे घेतलेल्या चालींची किंमत भरली ती मामीने. सगळाच्या सगळा संसार. ती तर खेळतही नव्हती.