धाकटा तारा

भर दुपारी पुण्यातल्या नियंत्रण कक्षाचे पडदे ओढलेले होते. तशी गरज नव्हती, कारण दुर्बीण होती अँडीजच्या डोंगरावर. पण खगोलशास्त्रज्ञांना अंधारात बसल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही.

डॉ. शाल्मली केळुसकर ताज्या निकट-अवरक्त वर्णपटाकडे बघत राहिल्या होत्या. आजवर जोडी म्हणून ओळखलेल्या त्या तरुण ताऱ्यांतला थोरला एक नव्हताच; ते दोन तारे होते.

"इतकी वर्षं दिसलं कसं नाही?" त्यांनी विचारलं.

प्रकाशयंत्रणा सांभाळणारा इरफान तांबोळी ओशाळला. "मॅडम, अनुकूली आरसा हवेची थरथर मोजतो आणि तेवढाच उलटा वाकून ती पुसून टाकतो. मोजायला आपण कायम सर्वांत तेजस्वी ताराच धरतो. इथं तोच दुहेरी होता. त्याचा लांबट आकार आरशाला हवेचा दोष वाटला, आणि त्यानं तो इमानेइतबारे पुसला. आज पहिल्यांदा धाकट्याला धरून पाहिलं."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. तिघांच्या ओढाताणीत सर्वांत हलका बाहेर फेकला जातो. वर्णपटातल्या रेषा सरकल्या होत्या, म्हणजे तारा वेगानं दूर चालला होता. धाकटा बाकी दोघांना सोडून निघालाच होता.

आणि त्याच धाकट्याच्या प्रकाशासमोर शीड उभारून, त्या प्रकाशाच्या दाबानं वेग कमी करत एक यान तिथं थांबणार होतं. यानात शाल्मलीबाईंची मुलगी ऋता होती. तारा जागेवर नसेल तर यान थांबणार नाही, आणि मधल्या काळोखात वळायला त्याच्याकडे बळही नाही. शाल्मलीबाईंना रडूही येईना. हातात काहीच नव्हतं.

"निदान कळवायला हवं," इरफान म्हणाला. संदेश पोचायला काही वर्षं लागतील, तरी त्यांना अंधारात ठेवणं बरं नव्हे, असं त्याचं म्हणणं होतं.

शाल्मलीबाईंनी मजकूर लिहायला घेतला आणि मधेच त्या थांबल्या.

"इरफान, यानासमोर हवा नाही. ते आपल्यापेक्षा जवळही आहेत. त्यांच्या छोट्या दुर्बिणीलाही हे तिघं कधीच वेगळे दिसले असतील."

"मग त्यांनी कळवलं असतं."

"ताऱ्याचा प्रकाश आधी यानापाशी पोचतो, मग आपल्याकडे येतो. त्यांनी तो बघून लगेच लिहिलं, तर ते पत्र त्याच प्रकाशाबरोबर इथं येतं."

सकाळीच ऋताचं पत्र आलं होतं. लेकाला दात येताहेत, मेथी छान उगवली आहे, आम्ही सगळे मजेत आहोत, तू गुडघ्यांची काळजी घे, असं त्यात होतं. गेली कित्येक वर्षं तिची पत्रं अशीच येत होती. पोचल्यावर काय करू, हे त्यांत कुठेच नसे. ठाऊक असूनच ती ते लिहीत नव्हती.

शाल्मलीबाईंनी लिहिलेला मजकूर पुसला आणि नव्यानं सुरुवात केली: गुडघे आता बरे आहेत, बाळा.