दगडाबाईंच्या पेट्यांतली गोचीड

दगडाबाई ऑफिसात आल्या आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाल्या, “माझ्या भावाचा गुन्हा शाबित करून द्या.”

क्रांती जगदाळे साताऱ्यात खासगी तपासाचं काम करते. तिच्याकडे लोक खोट्या सह्या घेऊन येतात, पळून गेलेल्या पोरांचे फोटो घेऊन येतात. मधमाश्यांची तक्रार घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं. तिचे मदतनीस नानासो, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, यांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. एप्रिलचं ऊन, आणि त्यात हे.

दगडाबाई आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातल्या. मेंढरं कमी करून त्यांनी मधमाश्यांच्या वीस पेट्या घेतल्या होत्या. मेंढरं चाऱ्यामागं फिरवायची तशा त्या पेट्या फुलोऱ्यामागं फिरवत, आणि सध्या आष्ट्याजवळ सूर्यफुलाच्या रानात उतरल्या होत्या. ओढ्यापलीकडं धाकटा भाऊ गुंडा याच्या पेट्या. हे रान गुंडालाही हवं होतं, ते आधी बहिणीनं धरलं, म्हणून तो धुसफुसत होता.

मग पेट्यांत गोचीड शिरली. मधमाश्यांना चिकटून रक्त पिणारे बारीक किडे, दगडाबाईंची लेक माया त्यांना वरोआ म्हणायची. पहिल्यांदा चार दुबळ्या पेट्यांत निघाले. प्रशिक्षण घेतलेल्या मायानं सगळ्या पेट्यांत ओव्याचं फूल म्हणतात तो उग्र वासाचा औषधी खडा ठेवला, त्याच्या वासानं किडे टपटप गळाले. पंधरा दिवसांत पुन्हा भरले, आणि भरले ते चांगल्या दांडग्या पेट्यांत. पुन्हा औषध, पुन्हा तेच. सहा दांडग्या पेट्या संपल्या होत्या.

“किड्याला पंख न्हाईत. म्हंजी कुनीतरी आनून सोडतंय,” दगडाबाई म्हणाल्या. माया गुंडाच्या मुलाला, कृष्णातला, दिलेली होती, लग्न अक्षय तृतीयेला. उद्या सकाळी त्या सोयरीक मोडल्याचा निरोप धाडणार होत्या. चोराच्या घरात पोरगी द्यायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

किड्यापायी पोरीचं लग्न मोडायला निघालेल्या बाईचा नानासोंना भलताच संताप आला. क्रांतीनं फक्त गाडीची चावी त्यांच्याकडं सरकवली.

आष्ट्याला पोचेपर्यंत अकरा वाजले. मायानं पेट्या दाखवल्या. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण काम चोख. प्रत्येक पेटीच्या तळाला व्हॅसलीन लावलेला पांढरा कागद. गळालेला किडा त्याला चिकटतो, मग मोजायचा. ओढ्याकाठच्या पेट्यांत दोन-तीन किडे. बाभळीखालच्या चार दुबळ्या पेट्यांत तिसाच्या आसपास, आणि पिल्लं जवळपास नाहीतच, काही फ्रेम, म्हणजे पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटी, जागेवरच नव्हत्या. त्यांच्या राहत्या पालाजवळच्या दांडग्या पेट्यांत मात्र दोनशेच्या वर.

क्रांतीनं एका दांडग्या पेटीचं झाकण उघडायला लावलं. नानासोंनी वाकून आत बोट घातलं, एका फ्रेमच्या लाकडावर पिवळी भुकटी होती. फुलातला पराग असणार म्हणून त्यांनी ती पँटीला पुसली, तेवढ्यात कानाला माशी डसली. क्रांतीनं मात्र ती भुकटी बोटावर घेऊन हुंगली. शेजारच्या फ्रेमांवर ती नव्हती.

पहिला संशय नानासोंनी धरला तो शेजारच्या विश्वजितवर. त्याच्या कारल्याच्या मांडवावर फवारणी चालायची. हा गडी घरात तीन फौजी असल्याचं सांगतच पुढं आला. फवारा मी माशा घरी गेल्यावर संध्याकाळीच मारतो, हवं तर मायाला विचारा, म्हणाला. मायानं मान डोलावली. फवाऱ्यानं मेल्या असत्या तर दाराशी ढीग पडले असते, असं क्रांती म्हणाली, आणि दाराशी तर किड्यामुळं पंख चुरगळलेल्या थोड्या माशा सरपटत होत्या. झालं, नानासोंचा पहिला चोर गेला.

मग ओढ्यापलीकडं. गुंडानं आपल्या पेट्या मुकाट्यानं उघडून दाखवल्या. किडे होते, पण सगळीकडं असतात तेवढेच.

“आक्का चार दिस गावभर सांगत फिरतीया,” तो म्हणाला. “दुकानात गेलो तर लोक गप बसत्यात. आनी काय इचारायचंय?”

त्यानं पाठ फिरवली. परत येताना नानासो म्हणाले की माणूस घुम्या आहे, यानंच केलं. ओढा ओलांडून आलेला माणूस ओढ्याकाठच्या सात पेट्या सोडून थेट पालाच्या तोंडाशी का जाईल, असं क्रांतीनं विचारलं. नानासोंनी कानाला हात लावून पाहिला. कान वांग्याएवढा सुजला होता, पोटात भूक होती, आणि या पोरीला काय कळलंय ते ती सांगत नव्हती. त्यांना अगदी वैताग आला.

पालाशी दगडाबाईंचे मालक भाऊसो बसले होते. आडदांड, पण बोलणं अगदी हळू. आई मेलेलं एक कोकरू त्यांनी दुसऱ्या मेंढीला लावलं होतं. मेंढी गुडघ्यात धरलेली, कोकरू लुचत होतं. मेंढीच्या नाकाला आणि कोकराच्या पाठीला भंडारा फासलेला.

“हळद कशाला?” नानासोंनी उगाच विचारलं.

“वास एक झाला की ती परक्या पिल्लाला लाथ मारत न्हाई. आमच्यात असंच लावत्यात.”

पेट्या तुम्ही उघडता का, असं क्रांतीनं विचारलं. माया हात लावू नका म्हणते, असं म्हणून भाऊसोंनी कोकराकडं पाहिलं. माया रोज दुपारी कॉलेजला जाते हे क्रांतीनं आधीच विचारून घेतलं होतं.

पाच वाजता तिनं सगळ्यांना पालासमोर बसवलं. गुंडा आला नाही.

“गुंडानं काही केलेलं नाही,” क्रांती म्हणाली. दगडाबाई ताडकन उठायला लागल्या. तिनं त्यांना हातानंच बसवलं.

“किडा उडत नाही, हे तुमचं खरं. तो माशीवर बसून जातो, नाहीतर पिल्लांच्या फ्रेममधून जातो. माशा वाट चुकून ओढ्यापलीकडून आल्या असत्या, तर आधी ओढ्याकाठच्या पेट्या भरल्या असत्या. त्या साफ आहेत. म्हणजे फ्रेमच हलल्या.”

“कुनाच्या?” मायानं विचारलं.

“तुमच्याच. माया, ओव्याच्या फुलानं माशीच्या अंगावरचा किडा गळतो. पण पिल्लाच्या घरावर मेणाचं झाकण बसलं की आतल्या किड्याला तो वास पोचत नाही. दुबळ्या पेट्यांत पिल्लं उरली नाहीत, ती मेली असती तर फ्रेम तिथंच असत्या. त्या पालाजवळच्या दांडग्या पेट्यांत गेल्या, झाकणाखालच्या किड्यांसकट. पिल्लू बाहेर पडलं की किडाही बाहेर पडतो. म्हणून पंधरा दिवसांत पेट्या पुन्हा किड्यांनी भरतात.”

नानासोंना अजून उमजेना. कुणी आणि कशाला, एवढं त्यांनी चिडूनच विचारलं.

“नानासो, तुम्ही पँटीला पुसला तो पराग नव्हता. पराग एकाच फ्रेमच्या लाकडावर सांडत नाही. ती हळद होती. परकी पिल्लं माशांनी हाकलू नयेत म्हणून फासलेली. ही रीत इथं एकाच माणसाच्या हातात आहे, आणि दुपारी पालाजवळ तोच असतो.”

भाऊसोंनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

“चोरून न्हाई केलं,” ते म्हणाले. “दुबळ्या पेटीत चारायला माश्याच न्हवत्या. पिल्लं उपाशी मरायची. दांडग्या पेटीला लावली, जगतील म्हनून. पोरगी रागवंल म्हनून बोललो न्हाई.” मग मायाकडं बघून, “म्हंजी मीच मारल्या व्हय?”

मायानं बापाचा हात धरला. आता फ्रेम हलवायच्या नाहीत, किड्यांना नरमाशांची घरं लय आवडतात तर झाकण लागलेली तेवढी कापून जाळायची, मगच औषध ठेवायचं, असं ती हुंदके देत सांगत राहिली. भाऊसो शाळेतल्या पोरासारखे मान हलवत होते. नानासोंना वाटलं, ओरडायला एखादा नालायक तरी मिळायला हवा होता. इथं कुणावर ओरडायचं?

दगडाबाई तशाच ओढ्याकडं निघाल्या. मागोमाग क्रांती आणि नानासो.

गुंडा टेम्पोत पेट्या चढवत होता, कृष्णात दोर आवळत होता. दगडाबाईंनी सगळं सांगितलं, दाजींनी काय केलं तेही. चुकले म्हणाल्या. आयुष्यात त्या कुणाला असं म्हणाल्या नसाव्यात, शब्द अडकत अडकत बाहेर आला.

गुंडानं शेवटची पेटी चढवली आणि घाम पुसला.

“लगीन मोडायचं न्हाई, आक्का. पोरांचा काय दोष? अक्षय तृतीयेला वऱ्हाड घेऊन येतो.”

दगडाबाई पुढं झाल्या. बाजूला गुंडाची पाण्याची घागर होती, भांडण मिटलं म्हणून पाणी प्यायला त्यांनी तांब्याला हात घातला.

“ऱ्हाऊ दे,” गुंडा म्हणाला. “चार दिस गाव मला चोर म्हनतंय. त्यातल्या येकाला तरी आदी तू सांगून ये. मग माझ्याकडं पानी पी.”

टेम्पो निघून गेला. दगडाबाई तांब्या तसाच ठेवून आष्ट्याच्या रस्त्याला लागल्या. गाडीनं सोडतो म्हणून नानासोंनी दोनदा हाक मारली, पण त्या चालतच गेल्या.