मामांचं कारंजं

प्रेमाला उन्हाची पर्वा नसते. खऱ्या प्रेमापुढे सूर्यसुद्धा फिका पडतो. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं, तो बहुधा पंख्याखाली बसला होता. ही गोष्ट ज्या शहरातली आहे, तिथे बागेतल्या घसरगुंडीवरून एकदा घसरलेलं मूल त्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा वर चढत नसे. आणि प्रेमात पडलेली मंडळीसुद्धा आधी सावली शोधत, मग एकांत.

रविवारी संध्याकाळी मात्र सगळं शहर मुलाबाळांसकट बागेत लोटायचं, ते कारंज्यासाठी. मधल्या फरशीत तीस तोट्या होत्या. सहाच्या ठोक्याला त्यांतून पाणी उडायचं. वीस मिनिटं. यच्चयावत पोरं किंचाळत आत घुसायची आणि आयाबाप तुषार अंगावर यावेत अशा बेताने, पण आपण मुद्दाम उभे नाही असं दाखवत, कडेला उभे राहायचे.

ती आली होती ताईबरोबर, ताईच्या दोन मुलांची मावशी म्हणून. सहा वाजून गेले तरी फरशी कोरडी. मोठी भाची भिंगरी पाय आपटू लागली. कडेला एक तरुण गुडघे टेकून एका तोटीत तार घालत होता, घाम कोपराने पुसत.

"जा, त्या मामांना विचार, कधी सुरू होणार ते," ती म्हणाली.

बस्स, एवढंच म्हणाली. आयुष्याचं वाटोळं करायला माणसाला फार मोठं वाक्य लागत नाही.

त्याने मान वर केली. तोटीतून निघालेली आइस्क्रीमची काडी दाखवत भिंगरीला गंभीरपणे म्हणाला, "पुरावा सापडलाय. आता गुन्हेगार शोधायचा." मग त्याची नजर भिंगरीच्या मागे गेली... आणि तिथेच राहिली. त्याच क्षणी तोटी मोकळी झाली. पाणी थेट त्याच्या नाकात. तो हलला नाही.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. आठवडाभर शेकडो नजरा बघायची. अशी एकही बघितली नव्हती.

आता नात्याचा हिशेब बघा. भाचरांचा मामा तो मावशीचा कोण? भाऊ. आणि भिंगरीचा आवाज असा, की हे नातं दर रविवारी अख्ख्या बागेला कळायचं.

"आज चोवीस मिनिटं चाललं कारंजं," तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, त्याच्याकडे न बघता.

"घड्याळ मागे पडतं माझं."

"गेल्या रविवारी तर पुढे होतं."

"गेल्या रविवारी तुम्ही लवकर आला होतात."

"डोळे तपासून घ्या एकदा. सोमवार ते शनिवार दुकान उघडं असतं."

"सोमवार ते शनिवार मला नीट दिसतं हो. रविवारीच—"

"मामाऽऽ! ठोंब्याच्या डोळ्यात पाणी गेलं!"

ठोंब्या म्हणजे भिंगरीचा धाकटा भाऊ. मावशी आणि 'मामा' सख्ख्या भावंडांसारखी चार हात लांब झाली.

मग सोमवार उजाडायचा. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाईक म्हणायचं, "खालची ओळ दिसत नाही." ती म्हणायची, "मलाही." बाहेर रस्त्यावर कुणी बादली ओतली तरी तिच्या छातीत तीस तोट्या उडायच्या. सहा दिवस... केवढे लांब असतात सहा दिवस!

"त्यांना मामा म्हणू नकोस गं," एकदा तिने भिंगरीला सांगून पाहिलं.

"मग हाक कशी मारू? शुक् शुक्?"

यावर मावशीकडे उत्तर होतं. देण्याची छाती नव्हती.

सातव्या रविवारी फाटकावर पाटी लागली: पाणीटंचाईमुळे कारंजे उद्यापासून बंद.

"मला टेकडीपलीकडच्या पंपावर पाठवतायत," तो हातातल्या पान्याशी चाळा करत म्हणाला. "तिथे पाणी असतं. पोरं नसतात. आणि... कुणीच नसतं."

"मग आजवर काही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? पहिल्याच दिवशी तुम्ही माझा मामा केलात."

बाकावरची ताई पाणी पीत होती. तिला ठसका लागला. "म्हणजे मी सात रविवार इथे उगाच भाजून घेतलं की काय? बोल की गं आता! का त्याचं कारंजं बंद पडण्याची वाट बघतेयस?"

तो कारंज्याच्या कॉकजवळ गेला. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. पंचवीसही. त्याने कॉक इतका हळू फिरवला, जणू कुणाच्या हातातून हात सोडवतोय. तिसाच्या तीस धारा कमरेएवढ्या झाल्या, गुडघ्याएवढ्या, घोट्याएवढ्या... आणि थांबल्या. पोरांनी एकच गलका केला. तो परत येऊन तिच्यासमोर उभा राहिला. निरोप घ्यायचा म्हणून शब्द शोधत.

"भिंगरे," तिने हाक मारली, "इकडे ये. आजपासून यांना मामा म्हणायचं नाही."

"मग?"

तिचे कान उन्हापेक्षा तापले. "काका म्हणायचं."

"पण मावशी, काका म्हणजे तर मावशीचे—"

"हो," ती म्हणाली. भिंगरीला नव्हे, त्याला. "तेच."

त्याच्या हातातला पाना फरशीवर खणकन पडला. कुणी उचलला नाही. ओल्या फरशीतून गारवा वर येत होता. ताईने तोंडाला पदर लावला होता. भिंगरीने या नव्या नातेवाइकाला खालून वर नीट न्याहाळलं.

"काका..."

तो तिच्यापुढे वाकला. "काय गं बाळा?"

"जरा सरकता का? माझ्या चपलेवर उभे आहात."