खाऱ्या पाण्यातला हरभरा

अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या बसमध्ये माया वानखडेला खिडकीची जागा मिळाली. बस सुटता सुटता एक तरुण धावत चढला आणि तिच्या शेजारी बसला. त्याच्या मांडीवर प्लास्टिकचा ट्रे होता, ट्रेमधल्या पाण्यात हरभऱ्याची कोवळी रोपं. खड्डा आला की तो ट्रे दोन्ही हातांनी वर उचलायचा, तान्हं मूल उचलावं तसा. मायाला हसू येत होतं. मग मूर्तिजापूरच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात आली, ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि निम्मा ट्रे तिच्या ओढणीवर सांडला.

“सॉरी मॅडम... डाग नाही पडणार. मिठाचंच पाणी हाये.”

“मिठाच्या पाण्यात हरभरा?” ओढणी पिळत माया म्हणाली. “मंग मेला असन तो.”

“तेच तर! मरत नाही ना हा!”

इतका आनंद तिने बऱ्याच दिवसांत कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. रागवायचं राहूनच गेलं.

त्याचं नाव संघपाल इंगळे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तो पीएच.डी. करत होता, आणि रोपं अमरावतीच्या एका प्रयोगशाळेतल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायला निघाला होता. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो खारपाणपट्टा पसरलाय, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तिथला हा गावरान हरभरा.

“मी तिथलीच,” माया म्हणाली. “दर्यापूरच्या पलीकडचं गाव. आई अजून शेती करते. मी अमरावतीले ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो.”

वऱ्हाडात बाईमाणूसही ‘शिकवतो’ म्हणतं. संघपालला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो आपलं सांगतच होता. “बाहेर कितीबी मीठ असो, पेशी आत आपला तोल राखते. ह्या हरभऱ्याची मुळं मिठाले आत येऊच देत नाहीत. दार बंद! असा माहा सिद्धांत.”

“सिद्धांत म्हणू नका एवढ्यात,” माया म्हणाली. “अंदाज म्हणा.”

तो थबकला, मग हसला. बडनेरा येईपर्यंत दोघं बोलत होते, आणि उतरताना त्याने तिला आपला नंबर दिला... ओढणीला डाग पडला तर कळवायला, असं त्याचं म्हणणं.

डाग पडला नाही. तरी तिने कळवलं.

त्या हिवाळ्यात संघपालच्या अमरावतीच्या फेऱ्या वाढल्या. सूक्ष्मदर्शकाचं काम दुपारी आटपायचं, आणि मग राजकमल चौकाच्या बाजूला एका गाडीवर दोघं गिला वडा खायचे. मायाची सहकारी गीतांजली म्हणायची, “काहून वं, त्या हरभऱ्याले दर आठवड्याले तपासाव लागते का?” ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

“आज काय शिकवलं?” एकदा त्याने विचारलं.

“पेशी सिद्धांत. श्लायडेननं वनस्पती पाह्यल्या, श्वाननं प्राणी, अन् म्हणाले, सगळे जीव पेशींचेच बनलेले. ते बरोबर निघालं. पण पेशी येते कुठून, तर ते म्हणत, साखरेचा खडा पाकात जमते तशी जमते. ते साफ चूक. मंग रेमाकनं पेशी दुभंगताना पाह्यली, अन् पेशीतूनच पेशी होते हे पुढं सगळ्यांनी मानलं. तर एक पोट्टी विचारते, मॅडम, चुकले होते तर त्यांचं नाव पुस्तकात काहून?”

“तू काय सांगितलं?”

“म्हटलं, त्यांनी जे म्हटलं, ते तपासता येत होतं. म्हणून चूक सापडली. तपासताच येत नाही असं बोलणाराचं नाव कुठंच राहत नाही.”

संघपाल तिच्याकडे पाहत राहिला. वडा हातातच थंड झाला.

“काय?” ती म्हणाली.

“काही नाही. चटणी लागली हाये... इथी.” त्याने स्वतःच्या हनुवटीला बोट लावून दाखवलं. तिच्या हनुवटीला काहीच लागलेलं नव्हतं, हे तिला खोलीवर गेल्यावर आरशात कळलं.

मग फेब्रुवारीत ती गोष्ट घडली.

मुलांना पेशीच्या तोल राखण्याचं, म्हणजे पुस्तकात ज्याला समस्थिती म्हणतात त्याचं, प्रात्यक्षिक दाखवायला मायाने आईकडून त्याच गावरान हरभऱ्याची रोपं मागवली. काही खाऱ्या जमिनीतली, काही गावाबाहेरच्या गोड्या मळ्यातली. पानं शुद्ध पाण्यात उकळून त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. संघपालच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही नळ्या जवळपास सारख्याच नितळ राहायला हव्या होत्या. गोड्या मळ्यातली राहिली. खाऱ्या जमिनीतली पांढरीफटक झाली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मायाने वर्ग सुटल्यावर एकटीने तोच प्रयोग पुन्हा केला. नळ्या बदलल्या, पाणी बदललं. शेंड्याची कोवळी पानं घेतली तर पाणी नितळ, बुडाची जुनी पानं घेतली की पांढरं. मीठ आत येत होतं. रोप त्याला फक्त बाजूला नेऊन ठेवत होतं. आणि संघपालने आजवर शेंड्याचीच पानं तपासली होती.

पुढच्याच महिन्यात त्याचं विद्यापीठात सादरीकरण होतं. ते पार पडलं की प्रबंध जाणार, आणि प्रबंध गेला की नांदेडच्या एका कॉलेजातली नोकरी जवळजवळ ठरलेली.

“नको सांगू,” गीतांजली म्हणाली. “तिथी कोणी विचारलं तर पाह्यते तो.”

माया उरलेले तास घेऊन खोलीवर आली. मग तिने फोन लावला.

संघपालने सगळं ऐकून घेतलं. “नळाचं पाणी वापरलं असन तू.”

“डिस्टिल्ड होतं.”

“पानं नीट धुतली होती?”

“धुतली होती, संघपाल.”

“पोट्ट्यांच्या प्रयोगावर माहं तीन वर्षांचं काम...” एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मायाने दोनदा नंबर काढला आणि दोनदा मोबाईल पालथा ठेवला. ती वर्गावर जात होती, पेपर तपासत होती, गीतांजलीच्या विनोदांना हसत होती. गाडीवरचा वडेवाला एकदा म्हणाला, “ताई, तुमचे साहेब दिसत नाहीत,” तर तिने “बदली झाली” असं सांगून टाकलं.

सादरीकरणाचा दिवस आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्रयोगशाळेत एकटीच स्लाइड्स पुसत होती, तेव्हा दारात संघपाल उभा होता. दाढी वाढलेली, हातात पिशवी.

“कसं झालं?” तिने विचारलं.

“झालंच नाही. मीच गाईडले म्हटलं, थांबा. बुडाची पानं तपासली मी. सगळी. मंग सूक्ष्मदर्शकाखाली रंग टाकून पाह्यलं. मीठ पेशीत जाते, अन् पेशी त्याले मधल्या पोकळीत कोंडून ठेवते, बाकीच्याले लागू देत नाही. दार बंद नाही तिचं. दिवसरात राबून राह्यली ती.” तो स्टुलावर बसला. “आता पुन्हा पेराव लागन. पुढची रब्बी.”

“अन् नांदेड?”

“गेलं नांदेड.”

मायाच्या हातातली स्लाइड तशीच राहिली. “माहा राग आला होता?”

“नाही,” तो म्हणाला. मग पिशवी खाली ठेवत, “आला होता. लय आला होता. कोणतरी दुसऱ्यानं सांगाव असं वाटे.”

“दुसऱ्यानं सांगितलं नसतं.”

“तेच तर.” तो खाली पाहत होता. “माया, मले नोकरी लागल्यावर तुले विचारायचं होतं. आता नोकरी नाही, प्रबंध नाही... पण विचारतो. मले तू पाह्यजे. पुढच्या रब्बीले, त्याच्या पुढच्याबी.”

खिडकीबाहेर मुलं सायकली काढत होती. मायाने स्लाइड जागेवर ठेवली, हात धुतले, पुसले.

“मले वेळ दे,” ती म्हणाली.

“दिला.”

त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. तो येत होता, वडा खात होता, प्रयोगाचं बोलत होता. एखाद्या वेळी बोलता बोलता तो मध्येच थांबायचा, आणि माया रस्त्याकडे पाहायची.

ऑक्टोबरात आशाबाईंच्या, म्हणजे मायाच्या आईच्या वावरात प्रयोगाची पेरणी ठरली. जमीन खारी होती आणि त्यांनी एक तुकडा द्यायचं कबूल केलं होतं. संघपाल सकाळपासून दोऱ्या बांधत, खुंट्या ठोकत होता. ऊन असं की काळी माती पायाखाली चटके देत होती. आशाबाई बांधावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. माया पाण्याची कळशी घेऊन आली.

“काय वं माया,” त्यांनी विचारलं, आवाज अजिबात न दबवता, “हा पोट्टा इद्यापीठाचा म्हणे. पण चटका लागला तं तो तुह्याकडं पाह्यते. कोन हाये हा तुहा?”

संघपालने मान वर केली नाही. दोरी मात्र हातातून सुटली.

मायाने कळशी खाली ठेवली. वावरात वारा नव्हता. लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता.

“आई,” ती म्हणाली, “हा माहा होणारा नवरा हाये. त्याले अजून सांगितलं नाही मी.”

संघपाल उठून उभा राहिला. त्याच्या गुडघ्यांना माती लागली होती आणि तोंड उघडं होतं.

आशाबाईंनी त्याला एकदा खालून वर पाहिलं, मग पदराने तोंडावरचा घाम पुसला.

“आता समजलं त्याले,” त्या म्हणाल्या. “मंग त्या पोराले उन्हात काहून उभं ठेवलं? बोलाव तिकडं, लिंबाखाली.”