पन्नासच्या पाटीपाशी त्रेसष्ट

“त्रेसष्ट,” मी म्हटलं. “पाटी पन्नासची आहे.”

“सांबार सुकते न, मॅडम.”

मोटरसायकलवर ओल्या गोणपाटात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या होत्या. त्या वासानं आमची अख्खी कॅमेरागाडी भरून गेली. किन्हीराजा गावचा अश्वजित. हेल्मेट नियमात, कागद नियमात. डोळे तेवढे… असो. मी चलान केलं.

स्पीडगन हातात आल्यापासून मला माणसं आकड्यांवरून कळतात. बायको मागे असेल तर पंचेचाळीस, एकटा असेल तर सत्तर. पुढच्या मंगळवारी हा चौसष्टवर आला, तेव्हा हिशेब जुळेना. दुरून आमची गाडी दिसते, लोक वेग कमी करतात. हा वाढवत होता!

“गाडी दिसत नाही का?”

“दिसते न. पन्नासनं गेलो तर तुमी थांबवता थोडीच?”

“थांबवलं की चलान होतं. सूट नाही.”

“सूट मांगतली कोनं?”

तिसऱ्या मंगळवारी पुन्हा त्रेसष्ट. तिन्ही फोटोंत नंबरप्लेट स्पष्ट होती. मी बाकी काही पाहिलं नाही, असं म्हणू या.

“सोमवारपासून आमची गाडी कारंजा रोडवर,” मी चलान करता करता सांगितलं. सहजच.

त्याचं हसू गेलं. “मंग… मी सांबार कोनाले दाखवू?”

त्यानं गाडी सुरू केली. मी पुढची गाडी थांबवली. पण शनिवार, आमचा तिथला शेवटचा दिवस, मला नको इतका जवळ वाटायला लागला.

शनिवारी तो आला. अडतीसवर! मागे पदर खोचलेली एक बाई, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. थांबवायला कारणच नव्हतं. बाईनंच त्याच्या पाठीत धपाटा घालून गाडी थांबवली.

“मी चंपाबाई, याची माय. गाडी माह्या नावावर हाये, मनून चलानं माह्या मोबाइलवर येतेत.” तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. “तीन फोटो. तिन्हीत पोरगा हेल्मेटची काच वर करून दात काढून राह्यला. चलान होऊन राह्यलं, अन् मशीनकडं पाहून हासते कोन? मनलं, मशीनमागं कोन हाये ते तरी पाहू.”

अश्वजित सांबारापेक्षा लवकर सुकला.

चंपाबाईनं माझ्या छातीवरची पट्टी वाचली, पल्लवी तायडे. चेहरा एकदम सैल झाला. “जय भीम, पोरी.”

“जय भीम, मावशी. चलान माफ होणार नाही.”

“होऊ नोको देऊ. त्याचं त्यानं भरावं. मले येवढंच सांग, हा एकटाच हासून राह्यला का?”

आता बोलले नाही, तर सोमवारी कारंजा. मी गन खाली ठेवली.

“उद्या सुटी आहे माझी. शिरपूरला मावसबहिणीकडे जाते, अकराच्या बसनं. मालेगावला गाडी बदलावी लागते…”

“काहून बदलता?” अश्वजित आज पहिल्यांदा बोलला. “मी हाये न स्टँडवर.”

“दोन हेल्मेट आणा. आणि पन्नासच्या आत.”

ते निघाले. मी सवयीनं गन उचलली.

बावीस! मागे ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न देत होते, आणि हा आरशात पाहत, अजिबात घाई नसल्यासारखा चालला होता.